बसकण

मिरजेत दस्तगीर मिस्त्रीच्या शेडमध्ये
फ्रेंच गाडीनं पुन्हा बसकण मारलीय.
स्प्रिंगा नाहीतच हिला.
हिरवं तेल, आणि गोळ्यांत कोंडलेला वारा.
स्टिअरिंगला दांडी एकच,
ब्रेकच्या जागी रबरी बटण, अळंबीएवढं.
"कुणी केली असली?"
शेजारचा सतारमेकर विचारतो, भोपळा घासता घासता.

चावी फिरते.
आधी ढुंगण वर, मग तोंड,
म्हैस उठावी तशी,
कुणाचं काही देणं नसल्यागत.

रात्री म्हैसाळच्या रस्त्याला
वळणाआधी दिवेच वळले.
उसाच्या कडेचा ससा
आमच्याआधी तिला दिसला.
मिस्त्री काहीच बोलला नाही.

शेडमध्ये इंजिन बंद केल्यावर
ती हळूहळू खाली येऊ लागली.
टेकेपर्यंत तो
तिच्या टपावर हात ठेवून उभा होता.