करकर

गादीच्या तीन घड्या, आईची वाकळ,
लोखंडी कपाटाची दोन्ही दारं उघडी,
मधे मी, मांडीवर कॅसिओ,
तोंडासमोर माईक.
असा माझा स्टुडिओ. सुभाषनगर,
रात्री अकरानंतर, पंखा बंद करून.

माईक इचलकरंजीच्या एका माणसाचा.
ऑर्केस्ट्रा बुडाला, त्यानं टेम्पो घेतला.
देताना पुसलासुद्धा नाही.
जाळीला अजून लवंगेचा वास येतो.
पहिली दोन गाणी मी
परक्याच्या तोंडात गायल्यासारखी गायले.

कॅसिओची एक काळी पट्टी मुकी.
तिच्या अलीकडे थांबायचं
नाहीतर उडी मारून पलीकडे जायचं.
आता माझ्या प्रत्येक चालीत तिथं खड्डा आहे.
आझाद चौकातला मावसभाऊ म्हणतो, ही तुझी शैली.
मी हो म्हणते.
दुरुस्तीचे साडेसातशे सांगितलेत.

दिवसा उद्यमनगरात बिलं करते:
बेअरिंग, बुश, सहा एमएमचे नट.
शब्द तिथंच येतात, कच्च्या पावतीच्या पाठीवर.
एकदा अख्खा अंतरा गिऱ्हाइकाबरोबर गेला.
शिरोलीच्या कुठल्यातरी वर्कशॉपात
तारेला टोचून लटकत असेल,
पुढच्या बाजूला जीएसटी.

पलीकडच्या खोलीत आप्पा.
तळ आणि टाच त्यांची, वेण्या आईच्या,
गोंडे सुट्टीच्या दिवशी माझे.
करकर वाजणारा जोड मागणारं गिऱ्हाईक
वर्षाला चार, फार तर पाच.
त्यासाठी तळाच्या दोन थरांमध्ये
आप्पा विंचू बसवतात,
आणि गल्ली निजली की
एका पायात नवी चप्पल घालून
खालच्या नळापर्यंत जाऊन येतात.
दुसरा पाय अनवाणी. मान खाली.
मनासारखं वाजलं नाही की उसवतात.
"वाजला पायजे, आन् टोचला नाय पायजे."
एवढंच बोलतात त्याबद्दल.

अकरावं गाणं नवव्या खेपेला जमलं.
आवाज फाटला नाही, मांजर आलं नाही,
वरच्या मजल्यावरचं बाळ रडलं नाही.
आणि दुसऱ्या कडव्याआधी, मी श्वास घेतेय तिथं,
खिडकीखालून
कर्र.
मग अनवाणी पायाची रिकामी मात्रा.
कर्र.

दोन रात्री पुसत बसले.
ते पुसलं की माझा श्वासही जातो,
आणि पुढची ओळ
ढकलून दिल्यासारखी येते.
शेवटी होतं तसंच पाठवलं,
पावणेदोन वाजता, एकोणीस जणांना.

सकाळी चार नमस्कार, एक अंगठा.
मावसभावाचं "लई भारी भावा";
तो मलाही भावाच म्हणतो.
बाकी निळ्या खुणा, गप्प.
दुपारी एक अनोळखी नंबर, गडहिंग्लजचा.
कुणी कुणाला पुढं पाठवलं देव जाणे.
"दोन मिनिटं चौदा सेकंदांना
कोण लंगडत गेलं?
आता कसा आहे पाय?"

मी काउंटरवर एकटीच हसले,
मग बराच वेळ एक बुश
बेअरिंगच्या भावानं लावत राहिले.

रात्री आप्पांच्या कानाला हेडफोन लावला.
हातातली आरी त्यांनी खाली ठेवली नाही.
माझं गाणं ऐकलं,
एसटीची वाट बघत बसावं तसं,
समोर बघत, तक्रार नाही.
दोन मिनिटं चौदा सेकंदांना
मान खाली गेली.
"मागं घे जरा."
घेतलं.
"परत."

हेडफोन काढून त्यांनी माझ्या हातात दिला.
"विंचू सैल बसलाय," म्हणाले,
आणि उठून फळीवर तो जोड शोधायला लागले.

जोड कालच गारगोटीला गेला होता.
आता काय उसवता.