उतार

कंदिलाची वात बारीक केली, घोंगडी अंथरली
आणि मन्मथअप्पा म्हणाले, मूठमूठ दाणे द्या.
मी ज्वारी दिली, तूर दिली,
करडईही दिली, डब्यात तेवढंच होतं.

सुताची लड टाकली, ती तेरणा.
पलीकडं पालथी वाटी, ती चौकी.
तूर म्हणजे रझाकार.
ज्वारी म्हणजे आपली पोरं, अकरा दाणे.
करडई अजून कुणीच नव्हती.

सुभानराव हवालदार ब्रह्मदेशात लढून आलेला,
उजवा कान तिकडंच निकामी.
म्हणाला, बाजारच्या दिवशी, गर्दीत मिसळून.
अप्पा म्हणाले, अवसेला.
गर्दीत बायापोरं असतात.
"लढाईत असतातच की," हवालदार म्हणाला,
मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.
गोठ्यात वासरू दावं ओढत होतं.

कासीमभाई सालभर त्या चौकीत मुन्शी होते.
त्यांनी वाटी उताणी केली, बोट आत फिरवलं :
बंदुका चार, एकीचा घोडा अडकतो.
जमादार भित्रा आहे,
आणि भित्रा माणूस आधी गोळी झाडतो.
तुरीचे दोन दाणे वाढले.
अवस ठरली.

ज्वारी लडीकडं सरकली,
उंबराखालच्या उतारानं.
मी जात्याचा खुंटा सोडला.
"तिथून न्हाई.
औंदा पात्र फिरलंय. उंबराखाली डोह झालाय.
कमरेएवढा वाटतो, पुरुषभर निघतो.
परवा म्हैस घातली मी, तर पोहत गेली."

हवालदारानं डावा कान माझ्याकडं केला.
"मग कुठून?"

पिठाच्या बोटांनी एकेक दाणा उचलला,
खाली नेला, परटाच्या दगडांपाशी.
नवव्या दाण्याला हात थांबला.
कुठला दाणा कोण, हे कुणी ठरवलं नव्हतं.
मी ठरवलं होतं.
धाकट्या दिराला पोहता येत नाही.
तोही ठेवला, दोघांच्या मध्ये.

शेवटी अप्पांनी करडई घेतली,
तीन दाणे, अलीकडच्या चिंचेखाली.
"गाडी," म्हणाले. "लागली तर."
कुणी विचारलं नाही कशाला.

गाडी आमची. चाक कुरकुरतं,
अख्ख्या शिवारात ऐकू जातं.
ते निघून गेल्यावर बुधली घेऊन गोठ्यात गेले,
होतं नव्हतं ते तेल आसाला ओतलं.
दोन दिवस भाजीला फोडणी नव्हती.
सासूबाईंनी कारण विचारलं.
म्हटलं, सांडलं.