अकरा नंबर

एकोणतीस वर्षं नोकरी केली,
त्यातली सहा तर नुसती हे लिहिण्यात गेली
की कोणती गाय कोणत्या गाईला चाटते.

धुळ्याहून साडेपाचची एसटी, पारोळ्याला बदलायची,
पुढे बोरीच्या काठापर्यंत कुणाच्या तरी सरकीच्या टेम्पोत.
आखरावर गुरं जमलेली असायची.
मी उपड्या डब्यावर बसायचे, घड्याळ मांडीवर,
दर दहा मिनिटांना एक रकाना.
कोण कुणाशेजारी. कोण कुणाला शिंगानं सारते.
कोण मान पुढे करून, डोळे मिटून थांबते
आणि मग कुणाची जीभ येते.

उखानाना गुराखी. पहिलं वर्षभर लांबूनच बघायचा.
दुसऱ्या वर्षी जवळ आला, वहीत डोकावला:
'कोनती गाय कोनले चाटस
हाई लिखाना पगार भेटस का तुले?'
भेटतो, म्हटलं.
तो इतका हसला की भुरी दचकून उठली.
वहीत आहे: चार नंबर, सहा चाळीस, अचानक उठली, कारण अज्ञात.

रात्री खोलीवर नकाशा काढायचे.
अडतीस ठिपके, ठिपक्यांमधून रेघा,
जितकं चाटणं जास्त तितकी रेघ जाड.
मधोमध अकरा नंबर.
म्हातारी, एक शिंग मोडलेलं, दूध कधीच आटलेलं,
बाजारात कुणी दोरही धरला नसता तिचा.
आणि बाजाराच्या दिवशी पारोळ्याच्या स्टँडवर याव्यात
तशा सगळ्या वाटा तिच्यापाशी येत होत्या.
उखानाना तिला मावशी म्हणायचा.
मी तो नकाशा त्याला दाखवला तेव्हा
म्हणाला, एवढ्यासाठी तीन वर्षं?

मग एका उन्हाळ्यात लाळखुरकूत आला,
बाजारातून आणलेल्या एका गोऱ्ह्याबरोबर.
मला नवा नकाशा काढावा लागला नाही.
रेघा त्याच होत्या.
माया ज्या वाटेनं गेली होती
त्याच वाटेनं लाळ जाणार होती.

अहवालात ओळ लिहिली: अकरा नंबर वेगळी करावी.
'करावी' हे फार सोयीचं क्रियापद आहे.
दावं उखानानानं बांधलं,
नदीपलीकडे, निंबाखाली, एकवीस दिवसांसाठी.

नऊ रात्री ती हंबरली.
दहाव्या रात्री गप्प झाली, आणि मी लिहिलं: रुळली.

कळपात सातच आजारी पडल्या, सातही उठल्या.
माझा पेपर छापून आला. बंगळूरला शाल मिळाली,
ती अजून कपाटात आहे, घडीसकट.
अकरा नंबरला ताप आला नाही.
तोंड स्वच्छ, खूर स्वच्छ.
उखानाना कळण्याची भाकरी भिजवून न्यायचा,
ती नाकानं बाजूला करायची.
सतराव्या दिवशी उठली नाही.
मृत्यूचं कारण, या रकान्यात मी 'वार्धक्य' लिहिलं.
त्यानं कागदावर अंगठा दिला, आणि पुसता पुसता म्हणाला:
'तिले काहीच नही व्हयनं ताई.
तिले कोनी चाटनं नही.'

पुढची सगळी वर्षं मी एकच मोजत राहिले:
वेगळं बांधलेलं जनावर किती लांब बांधावं,
की सोबतीण दिसेल, तिचा वास येईल,
पण जीभ पोचणार नाही.
आकडा निघाला. तो आता सरकारी पुस्तिकेत आहे.
उन्हाळ्यात एक, पावसाळ्यात दुसरा,
आणि वारा पडला की दोन्ही चुकतात, हे तळटिपेत.

एक गोष्ट मात्र कुठेच नाही.
सोळाव्या संध्याकाळी मी नदी ओलांडून गेले होते,
तपासणीला, असं उखानानाला सांगितलं.
हातमोजे पिशवीतच राहिले.
तिनं माझा हात चाटला,
कोपरापर्यंत, सावकाश, खरखरीत,
जसं काही तिचंच काम अर्धवट राहिलं होतं.

परत येताना लाल पाण्यात बूट बुडवले, नियमाप्रमाणे.
हात नाही धुतला.