कोरडा सांधा

टॉडमॉर्डनला, कालव्याकाठच्या चॅपलमागे एक खोली आहे.
तिथे दर शनिवारी मिस्टर ऑर्मेरॉड बसतात,
समोर मल्टिमीटर, डाखाचं रीळ, थर्मासातला चहा.
मी पिशवीतून निहारचा ॲम्प्लिफायर काढून ठेवला
आणि म्हटलं, चालत नाही.

"चालत नाही, ही तक्रार झाली," ते म्हणाले.
"तक्रारीला हत्यार लावता येत नाही."

मग त्यांनीच विचारलं:
मुळात चालू होत नाही, की होऊन थांबतो?
थांबतो तेव्हा लाल दिवा असतो?
एकदम गप्प होतो की आधी खरखरतो?
किती मिनिटांनी? हिवाळ्यातही?
मला एकाचंही उत्तर येईना.
तीन वर्षं तो कपाटावर होता, त्याच्यावर इस्त्रीचे कपडे.

प्लगमधला फ्यूज मात्र त्यांनी तिथल्या तिथे तपासला.
"आधी सगळ्यात स्वस्त गोष्ट.
लोकांना लाज वाटते, मग महिनाभर महागाचे भाग बदलत बसतात."
फ्यूज ठीक होता.

आठवडाभर मी वही घेऊन बसले.
सोमवार: एकोणीस मिनिटं. आधी डावा स्पीकर गेला.
मंगळवार: सव्वीस. खिडकी उघडी होती.
बुधवारी फार्मसीतून उशीर झाला, लावलाच नाही.
गुरुवार: चौदा, रेडिएटरशेजारी.
टिचकी मारली की येतो, पुन्हा जातो.
निहारचं काही मी इतका वेळ कधी ऐकलं नव्हतं.
तो हे जोडत होता तेव्हा चौदा वर्षांचा होता,
आणि मी जिन्याखालून ओरडायचे, कमी कर ते.

वही वाचून ऑर्मेरॉड नुसतं "हं" म्हणाले.
झाकण काढलं, हेअर ड्रायरची ऊब दिली,
एक हात खिशात ठेवून, दुसऱ्या हातातल्या लाकडी काडीने
एकेक सांधा दाबत गेले, डॉक्टर पोट दाबतो तसे.
इथे दुखतं? इथे?
एका जागी आवाज परत आला.

प्लग काढला. मी लगेच बोट पुढे केलं, ते त्यांनी अडवलं.
मोठ्या कपॅसिटरकडे मान केली:
"वीज गेली तरी हा राग धरून असतो. आधी उतरू दे."
उतरल्यावर भिंगातून दाखवलं:
मळकट राखाडी ठिपका, पायाभोवती केसाएवढी चीर.
कोरडा सांधा.
डाख वर टेकला होता, खालचं तांबं तापलंच नव्हतं.

मी सांगितलं, आमच्या इचलकरंजीचा कल्हईवाला म्हणायचा,
भांडं तापल्याशिवाय कल्हई धरत नाही.
त्यांनी चहा खाली ठेवला. "शहाणा माणूस. घे, तूच कर."

टोकाला आधी कथील. मग टोक सांध्यावर, मनात तीन आकडे.
मग डाख तांब्याला, टोकाला नाही.
राळेचा धूर डोळ्यांत गेला. ठिपका पाण्यासारखा पसरला
आणि चमकत थिजला.
पहिल्या खेपेला नाही, खरं सांगायचं तर. तिसऱ्या.

ते स्पिरिट आणि ब्रश घेऊन जुनी राळ पुसायला निघाले,
तेव्हा मला दिसला, पिवळ्या राळेत उमटलेला
अंगठ्याचा ठसा. माझ्या करंगळीपेक्षा थोडा मोठा.
"हा राहू दे?" मी विचारलं.
त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.
"विजेच्या दृष्टीने काही बिघडत नाही," म्हणाले,
आणि ब्रश धुऊन ठेवला.

रविवारी ॲबर्डीनला फोन लावला.
एरवी मी विचारते, कसा आहेस, तो म्हणतो, ठीक.
या वेळी विचारलं, काल रात्री काय जेवलास?
थोडा वेळ काहीच आलं नाही.
मग म्हणाला, टोस्ट. का गं?
कितीला? कुणाबरोबर?
एकोणीस मिनिटं बोलला. मी घड्याळ पाहत होते, सवयीने.

ॲम्प्लिफायर आता तासन्‌तास चालतो.
बारीक गुणगुण आहे अजून, गाण्याच्या मागे.
ती अर्थिंगची असेल, ऑर्मेरॉड म्हणतात,
पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची.
पुढच्या शनिवारी त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन आहे.
त्याच्या पुढच्या.