मुदत ऑक्टोबरअखेर

टेबल नंबर नऊ, खिडकीजवळचं.
व्हाउचरवर छापलंय : मिस्टर आणि मिसेस टॅपर यांना,
लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त, शेजाऱ्यांकडून.
आरक्षणाच्या वहीत मात्र बाईंनी
माहेरचं आडनाव लिहायला लावलं. लव्हडे पॅसको.
मी काही विचारलं नाही.
टॉर्कीच्या या हॉटेलात मी विचारायचं ते एवढंच :
आसाम, दार्जिलिंग की अर्ल ग्रे?

विल्फ म्हणाला, "नेहमीचा."
मग ओशाळून, "म्हणजे, आसाम. कडक."
बाई म्हणाल्या, "दोन किटल्या आणा. वेगवेगळ्या."

मार्चमध्ये तो पेंटनला खोली घेऊन राहायला गेला,
सप्टेंबरात कागद झाले,
आणि पैसे परत मिळत नाहीत म्हणून
ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी
दोघं इस्त्रीचे कपडे घालून आली.
मला कसं कळलं?
चहा ओतणाऱ्यासमोर लोक बोलतात,
कुत्र्यासमोर बोलावं तसं.

तिमजली चांदीचं तबक मी मधोमध ठेवलं.
खाली सँडविचं, कडा कापलेली, दोन बोटं रुंद,
मध्ये स्कोन, रुमालात गुंडाळलेले, अजून ऊन,
वर केकचे घासभर तुकडे
आणि लिंबाचा टार्ट, एकच.
(दोन असायला हवे होते. स्वयंपाकघरात कुणीतरी चुकलं.)
तबकाआडून दोघांना एकमेकांचे
फक्त हात दिसत होते.
ते त्यांना बरं पडलं असावं.

तिने न बघता अंड्याची सँडविचं त्याच्या बशीत सरकवली.
त्याने काकडीची तिच्या.
कुणी मागितलं नव्हतं.
हातांना अजून कुणी कळवलंच नव्हतं.

मग स्कोन.
ती टेमर नदीपलीकडची, कॉर्नवॉलची :
आधी जॅम, वर साय.
तो डेव्हनचा : आधी साय, जॅम नंतर.
यावरून त्यांच्या घरी काय काय झालं असेल
ते देव जाणे आणि शेजारी जाणोत.
आज विल्फने सुरी घेतली,
स्ट्रॉबेरीचा जॅम अगदी कडेपर्यंत नेला,
आणि वर, गवंडी थापतो तशी, साय.

"हे काय?"
"बघतोय."
"मग?"
तो बराच वेळ चावत राहिला.
"वाईट नाही."
"आत्ता सांगतोस," ती म्हणाली
आणि रुमाल तोंडाशी धरून
खिडकीकडे वळली.
नेमका तेव्हाच पियानोवाला पान उलटायला थांबला.
सगळ्या हॉलभर फक्त चमचे.

मी गरम पाणी आणायला गेले.
गरज नव्हती. किटली अर्धी भरलेली होती.

उरलेलं बांधून द्यायला त्यांनी दोन खोके मागितले.
बाईंनी आपला भरला, मग त्याचाही,
फ्रूटकेक तळाशी, मऊ ते वर,
झाकण दोनदा दाबून,
जसा चाळीस वर्षं त्याचा डबा भरला असेल, गोदीवर जाताना.
तो कोट चढवत उभा होता,
बाही सापडत नव्हती.
तिने धरली नाही.
तिचा हात उठला होता, एवढं मी पाहिलं.

बाई टॅक्सीसाठी आतच थांबल्या.
तो समोर बसथांब्यावर, वाऱ्यात,
खोका उघडून खायलाही लागला.
"समुद्रपक्षी झडप घालतील," बाई काचेला म्हणाल्या,
"कधी ऐकलंय त्याने?"

टेबल आवरायला गेले
तर वरच्या मजल्यावर टार्ट तसाच.
त्याने तिच्यासाठी ठेवलेला,
तिने त्याच्यासाठी,
किंवा दोघांनाही लिंबू चालत नसेल. मला काय माहीत.
उरलेलं नोकरांनी खायचं नाही असा इथला नियम.
दाराआड, ट्रे कमरेला टेकवून,
मी तो दोन घासांत खाल्ला.
आंबट होता. चांगला होता.