माशी

पहिल्याच आठवड्यात झुवैना म्हणाली, "माशी उलूम,"
आणि मी ट्रीटमेंट टेबलाखाली, उशीमागे, एसीच्या जाळीवर
माशी शोधली.
एकही नव्हती. इब्राच्या जूनमध्ये माश्यासुद्धा घराबाहेर पडत नाहीत.

लिसम्मा सिस्टरनं हसू दाबत सांगितलं,
उलूम म्हणजे खबरबात. माशी म्हणजे नाही.
काही बातमी नाही, एवढंच म्हणते आहे ती.

मला एका गुडघ्यामागे पंधरा मिनिटं मिळतात.
त्यातली पाच झुवैनाच्या विचारपुशीत जातात:
कशी आहेस, घर कसं, घरचे कसे,
आई कशी (जिला तिनं कधी पाहिलेलं नाही),
काय उलूम, देवाची कृपा, तुझं काय, देवाची कृपा,
आणि पुन्हा पहिल्यापासून,
रहाटाच्या पोहऱ्यांसारखं.
मी मध्येच विचारायची, "कुठं दुखतं?"
"अल्हम्दुलिल्लाह."
हे केसपेपरच्या कुठल्या रकान्यात लिहायचं?

आमच्या खामगावात विचारतात, "काय करून राह्यली?"
समोर मेथी निवडताना दिसत असली तरी.
पगार किती, जाड झाली गं, दुसरं कधी,
सगळं दारातच, चपला काढायच्या आधी.
इथं तिचा मुलगा खलफान व्हीलचेअर आणून लावायचा
आणि छातीवर हात ठेवून
माझ्या खांद्यामागच्या भिंतीला सलाम करायचा.
पहिल्या दिवशी मी हात पुढे केला होता.
तो तसाच सॅनिटायझरकडे वळवला.

ऑक्टोबरात एकदा जेल संपली.
लिसम्मा स्टोअरमध्ये गेली ती गेलीच.
मला विचारायला काही उरलं नाही, म्हणून मी बसले.
झुवैनानं थर्मासमधून कॉफी ओतली.
घर कसं. बरं. काय उलूम. माशी उलूम.
दुसरी फेरी. तिसरी.
मग रिकामा पेला हलवत, म्हणजे आता पुरे,
ती म्हणाली, "खलफान गेला.
वादीत पाणी आलं होतं. गाडीसकट."

चार आठवडे झाले होते.
तेवढ्यात ती दोनदा येऊन गेली होती,
व्हीलचेअर कुणी पुतण्या ढकलत होता,
आणि दोन्ही वेळा मी विचारलं होतं,
कुठं दुखतं.

शुक्रवारी आईचा फोन.
"काय करून राह्यली?"
"काही नाही. तू?"
"काही नाही. सगळं ठीक."
इथं मी फोन ठेवत असे.
आता ठेवत नाही.
घर कसं, गुडघे कसे, शेजारच्या वच्छलाकाकू कशा,
पुन्हा घर कसं.
"किती वेळा तेच विचारतेस," आई म्हणते,
आणि तिच्या बोलण्यात कुठंतरी माशी शिंकते.
पंख्याची घरघर ऐकू येते.

"तसं काही नाही गं..."

मी गॅस बंद करते.