गचका

सू सेंट मेरी, मिशिगन. फेब्रुवारी.
आर्वोच्या मापात उणे पंधरा, माझ्या मापात उणे सव्वीस.
रात्रभर उघड्यावर ठेवलेला ट्रक,
गिअरबॉक्समधलं तेल थिजलंय तुपासारखं.
माझ्या मांडीवर लॅपटॉप,
कळा दाबता याव्यात म्हणून
हातमोज्याची दोन बोटं कापलेली.

चाकावर आर्वो लाहतिनेन, वय एकोणसत्तर.
त्याच्या मणक्याला कंपनी पगार देते.
दुसऱ्यातून तिसऱ्यात. "साडेसहा."
तिसऱ्यातून चौथ्यात. "सात."
दहापैकी. याहून जास्त तो बोलत नाही,
थर्मासमधली कॉफी ओततानासुद्धा.

फॉर्मवर रकाना एकच : शिफ्टचा दर्जा.
माझ्या वहीत शब्द जास्त आहेत.
खटका म्हणजे नुसता ऐकू येतो तो.
हिसका मानेला कळतो.
गचका पोटाला.
तो मी शिकले मंगळवेढ्याच्या एसटीत,
मागच्या बाकावर, टपाला डोकं आपटून.
आचका हा शब्द मी वापरत नाही,
तो मरणाऱ्याचा.

खरं तर काम एवढंच :
एका क्लचने सोडायचं, दुसऱ्याने धरायचं.
तान्हं मूल या हातातून त्या हातात देतात तसं.
दोघांनीही धरून ठेवलं तर ओढाताण,
दोघांनीही सोडलं तर इंजिन बोंबलत सुटतं.
आणि फार हळुवार, फार वेळ देत बसलं
तर घासून घासून तेल करपतं.
मायेलाही मिलिसेकंदांत मोजावं लागतं इथे,
मी मोजते, मला त्याचा पगार मिळतो.

मग ओहायोतून तक्रार आली.
एका बाईची घोडी, ट्रेलरमध्ये,
सिग्नलला गाडी थांबता थांबता
गुडघ्यांवर येते. दर वेळी. तिसऱ्यातून दुसऱ्यात.
आलेख पाहिला : रेघ सपाट, इस्त्री केल्यासारखी.
आर्वो म्हणाला, "आलेख बसून असतो. घोडी उभी असते."
(त्या आठवड्यातलं त्याचं सर्वांत लांब वाक्य.)

दुसऱ्या दिवशी त्याने मेहुणीची घोडी आणली.
हेझल. पाठीवर जाड ब्लँकेट, नाकातून वाफ.
खुरांपाशी कॅमेरा चिकटवला,
आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर आम्ही थांबत राहिलो,
जिथे थांबायला काही नव्हतं.
दर थांब्याला तिचा पुढचा डावा पाय
अर्धं पाऊल सरकायचा.
मी दाब उतरवला. सरकला.
भरायची वेळ वाढवली वीस मिलिसेकंदांनी. कमी सरकला.
अकराव्या खेपेला खूर जागचा हलला नाही,
घोडीने फक्त कान फिरवला.

मी ओरडलेच. मराठीत.
आर्वोने गुण दिले : "पाच."

पाच?
"काही लागतच नाही," तो म्हणाला.
"उतार असेल, खाली बर्फ असेल,
तेव्हा गाडीनं पाय बदललेला मला कळायला हवा.
घोडीला कुठे चालवायचंय?"

मग बराच वेळ हीटरचाच आवाज.

शेवटी दोन तक्ते केले.
मागे ट्रेलर जोडला की हेझलचा,
एरवी आर्वोचा : सतरा मिलिसेकंद लवकर,
तिसऱ्या गिअरने जाताना
खांद्याला खांदा लावून जावं तेवढा.
"याला काय म्हणतात तुमच्यात?"
मी सांगितलं. त्याने दोनदा म्हणून पाहिलं,
च जरा घट्ट, फिनिश चिजासारखा.

फाइल जतन केली तेव्हा साडेचार वाजले होते,
बर्फ निळा पडत चालला होता.
अभिप्रायाच्या रकान्यात आर्वोने
मोठ्या रोमन अक्षरांत लिहून ठेवलं होतं :
गचका, थोडा, राहू द्या.

आज डेट्रॉइटहून विचारणा आली आहे,
हे कशाचं लघुरूप आहे,
आणि एकक काय.
उत्तराची खिडकी उघडून बसले आहे.
हेझलला सफरचंद द्यायचं राहिलंय.